बेचाळीस बाटल्या फिनेल

सून ऐकत नाही, याचं मोठ्या आईंना एवढं दुःख नव्हतं. ऐकत नाही आणि वर ‘बरं’ म्हणते, याचं होतं. “फरशीला फिनेल टाक” म्हटलं, की सून म्हणायची “बरं” आणि साध्या पाण्यानं पुसून मोकळी व्हायची. “संडासात अ‍ॅसिड ओत” म्हटलं, की “बरं” आणि ब्रशनं घासून मोकळी. आता भांडायचं तर समोरून काहीतरी यायला नको का? सहा वर्षं झाली, मोठ्या आई एकट्याच भांडत होत्या. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान टेंगूळ येतं. ‘बरं’वर डोकं आपटून काय मिळणार?

बरं, या बाबतीत मुलगाही बायकोच्याच बाजूचा. तो गावाची सांडपाण्याची टाकी सांभाळायचा. गावात घरं बेचाळीस. त्यांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी उताराच्या टोकाला बांधलेल्या तीन टाक्यांत जायचं. पहिलीत जाळी, तिथं चिंध्या, केस आणि कुणाचा तरी हरवलेला चमचा अडकायचा. दुसरीत यंत्र सतत हवा सोडायचं, त्यामुळं तपकिरी पाणी उकळल्यासारखं खदखदायचं. तिसरीत गाळ खाली बसायचा आणि वरचं नितळ पाणी ओढ्याला मिळायचं. मुलाचं म्हणणं असं, की घाण काही यंत्र खात नाही, ती दुसऱ्या टाकीतले जंतू खातात. डोळ्यांना न दिसणारे, कोट्यवधी. त्यांना तो ‘कामगार’ म्हणायचा.

“आज कामगार खूश आहेत,” तो जेवताना सांगायचा.

“आणि आईचा गुडघा?” मोठ्या आई विचारायच्या.

“कसा आहे?”

“मला काय विचारतोस? कामगारांना विचार.”

फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर यातलं काहीही मोरीत ओतायचं नाही, कामगार मरतात, असं त्यानं घरोघर जाऊन सांगितलं होतं. एक्केचाळीस घरांनी माना डोलावल्या. मोठ्या आईंनी डोलावली नाही. जिनं जन्मभर जंतू मारले, तिच्या पोटचा पोरगा जंतू पाळतो, हे त्यांना चारचौघांत सांगायचीही लाज वाटायची. “पाळायचंच होतं तर कुत्रं पाळायचंस,” त्या म्हणायच्या. “निदान हाक मारली तर येतं.” टाकीतलं काहीही घरात आणायचं नाही, असंही त्यांनी बजावून ठेवलं होतं.

अशात एका शनिवारी मुलगा घरी आला तो तोंड उतरवूनच. पुढच्या शनिवारी वरून तपासणीचे साहेब येणार होते. टाकी नीट चालताना दिसली तर चालू राहणार, नाहीतर कुलूप. “म्हणजे घाण पुन्हा सरळ ओढ्यात आणि तू घरात,” मोठ्या आई म्हणाल्या.

“घरात कशाला?” मुलगा म्हणाला. “टाकी गेली तर आम्ही दोघं शहरात जाऊ. कारखान्यात काहीतरी बघीन. तू आहेसच इथं, घर बघायला.”

जेवायला बसलेल्या मोठ्या आईंनी त्यातलं ‘आम्ही दोघं’ तेवढं ऐकलं. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. नवरा गेल्यापासून हे घर त्यांनी कोपरान् कोपरा घासून उजळ ठेवलं होतं. पण घर उजळ ठेवायचं ते कुणी तरी पाय पुसून आत यावं म्हणून. पाय पुसणारेच गेले तर पायपुसणं धुवायचं कुणासाठी?

त्यांनी ठरवलं. साहेब येणार म्हणजे पाहुणा येणार. पाहुण्यापुढं घाण ठेवायची नसते. इतकी साधी गोष्ट, पण शिकलेल्यांना कोण सांगणार?

रविवारी मुलगा यंत्राचा पट्टा आणायला शहरात गेला. त्याची पाठ वळताच मोठ्या आईंनी गावच्या बायका अंगणात जमवल्या.

“साहेब नाक घेऊन येणार आहे की नाही?” त्यांनी विचारलं.

“येणार,” बायका म्हणाल्या.

“मग प्रत्येक घरानं एकेक बाटली मोरीत ओतायची. अख्खी. चिकटपणा करायचा नाही.”

दुकानात फिनेलच्या सव्वीसच बाटल्या निघाल्या. उरलेल्या सोळा मोठ्या आईंनी आपल्या माळ्यावरून काढल्या, तेव्हा शेजारच्या शिंपीणबाईंचे डोळे पांढरे झाले. गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी सरकारकडून आलेली ब्लीचिंग पावडर होती, तिचं अर्धं पोतं पहिल्या टाकीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं.

“आई, यांनी नको सांगितलंय,” दारात उभी राहून सून म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस.”

“बरं.”

बरोबर दहा वाजता मोठ्या आईंनी अंगणात उभं राहून पळीनं परात वाजवली. बेचाळीस मोऱ्यांत बेचाळीस बाटल्या एकदम उपड्या झाल्या आणि टाकीपाशी ते अर्धं पोतंही. एकदम ओतलं की तळापर्यंत जातं, हा त्यांचा अनुभव होता. दुपारपर्यंत सगळ्या गावाला दवाखान्यासारखा वास सुटला. मोठ्या आईंनी छाती भरून श्वास घेतला. कितीतरी दिवसांत त्यांना इतकी शांत झोप लागली नव्हती.

सोमवारी सकाळी मुलगा शहरातून थेट टाकीवर गेला आणि तिथंच खाली बसला. दुसऱ्या टाकीवर पांढरा फेस कठड्याच्याही वर आला होता. तपकिरी पाणी राखाडी झालं होतं. यंत्र हवा सोडत होतं, पाणी खदखदत होतं, पण त्यात जीव नव्हता. ऊन चढलं तसा फिनेलचा वास विरत गेला आणि त्याच्या खालून दुसरा वास वर आला. तो असा, की ओढ्यापलीकडच्या म्हशींनीही तोंडं फिरवली.

मोठ्या आई तिथं पोचल्या तेव्हा मुलगा काचेची उभी बरणी उन्हात धरून तिच्याकडे बघत होता.

“किती ओतलं?” त्यानं विचारलं.

“बेचाळीस.”

“झाकणं?”

“झाकणं कसली? बाटल्या. आपल्या घराला कुणी नावं ठेवायला नकोत.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मोठ्या आईंकडे ओरडण्याला उत्तरं तयार असायची. पण तो नुसता म्हणाला, “सगळे गेले गं आई,” आणि बरणी मातीत ओतून टाकली.

बातमी गावभर झाली. बायका एकेक करून टाकीवर येऊन तोंडाला पदर लावून उभ्या राहू लागल्या. शिंपीणबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, “किती होते हो?”

“कोट्यवधी,” मुलगा म्हणाला.

“अगं बाई! आणि सगळे एकाच दिवशी?”

मोठ्या आईंना कुठं बघावं कळेना. मुलानं सांगितलं, आता उपाय एकच. टाकी उपसायची, धुवायची आणि दुसऱ्या गावच्या चालत्या टाकीतला जिवंत गाळ आणून विरजणासारखा हिच्यात सोडायचा. मग गावाचं ताजं सांडपाणी घ्यायचं आणि वाट बघायची. शनिवारपर्यंत झालं तर झालं.

“मग आण की,” मोठ्या आई म्हणाल्या.

“जवळची टाकी टेकडीपलीकडच्या गावात आहे. तिची किल्ली काकूकडे.”

काकू म्हणजे मोठ्या आईंची धाकटी जाऊ. त्या गावच्या पाणी समितीची अध्यक्ष. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नव्या घरी गेल्यावर मोठ्या आईंनी स्वयंपाकघरातल्या फळीवरून बोट फिरवलं होतं आणि ते बोट सगळ्या पाहुण्यांना एकेक करून दाखवलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

“आई, मी एक सांगू का?” सून म्हणाली.

सगळ्या बायका बघत होत्या. ‘मी सांगत होते ना’ हेच आता ही बोलणार, असं मोठ्या आईंना वाटलं आणि त्यांचा जीव कानात गोळा झाला. “एक शब्द काढू नकोस!” त्या कडाडल्या. “मी केलंय, मी निस्तरीन. मी निस्तरेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. नवऱ्याकडेसुद्धा नाही. आणि टाकीचं तर नावच काढायचं नाही!”

सुनेनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “बरं.”

मंगळवारी मोठ्या आई दूधवाल्याचे सहा मोठे, जुने कॅन टेम्पोत घालून टेकडीपलीकडे गेल्या. सगळ्या वाटेवर त्या मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. ‘सहज आले होते’ हे सहा कॅन घेऊन सांगता येत नाही. ‘तुझी आठवण आली’ हे तर मेल्यावरही तोंडातून निघालं नसतं.

धाकटी दारातच उभी होती. केस पांढरे झाले होते, पण नजर तीच.

“या जाऊबाई. अकरा वर्षांनी बोट आलं म्हणायचं.”

“बोट घरी ठेवून आलेय,” मोठ्या आई म्हणाल्या. “काम होतं जरा.”

“बोला.”

“तुझ्या टाकीतलं थोडं... ते... खालचं.”

“खालचं काय?”

“गाळ.”

“गाळ म्हणजे काय हो? मी अडाणी बाई. नीट सांगा.”

टेम्पोवाला कान देऊन ऐकत होता. मोठ्या आईंनी डोळे मिटले. “घाण,” त्या म्हणाल्या. “तुमच्या गावची घाण हवीय मला. सहा कॅन.”

धाकटीच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांचं ऊन एकदम पडलं. तिनं जाऊबाईंना बसवलं, पाणी दिलं, चहासुद्धा दिला. मोठ्या आईंनी कपाच्या कडेकडे बघितलंही नाही. टाकीवरचा माणूस रजेवर होता, म्हणून धाकटी स्वतः किल्ली घेऊन निघाली. निघता निघता तिची नजर टेम्पोतल्या कॅनवर गेली.

“यातनं न्यायचं?” तिनं नाक मुरडलं. “आतून शेवाळलेत. माझ्या दारातून असे कॅन गेले तर तुम्ही आणखी अकरा वर्षं सांगत फिराल. थांबा.”

तिनं सहाही कॅन अंगणात उतरवून घेतले आणि घासघासून लख्ख केले. शेवटी प्रत्येकात घरातली बाटली घळाघळा ओतून कॅन गदगदा हलवला आणि तसाच उपडा घातला. पुन्हा पाणी घातलं नाही. “वास राहायला हवा,” ती म्हणाली. “नाहीतर धुतलंय हे कळणार कसं? फिरवा बोट.”

मोठ्या आईंनी कॅनच्या आतून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. त्यांनी ते नाकाशी नेलं. तोच ओळखीचा, जन्मभराच्या सोबतीचा वास. त्यांचे डोळे भरून आले.

“स्वच्छ आहेत हो,” त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी कुणाची एवढी स्तुती केली नव्हती.

धाकटीनं पदराच्या टोकानं डोळे पुसले. दोघींनी मिळून सहा कॅन तिथल्या टाकीतल्या गाळानं भरले. वाटेत कुणाला वास नको, म्हणून मोठ्या आईंनी झाकणं ठोकून गच्च बसवली. परतीच्या वाटेवर त्या टेम्पोवाल्याशी हसून बोलल्या. टेम्पोवाला घाबरला.

मुलानं पहिल्या कॅनचं झाकण उघडलं आणि मान आत घातली. मग दुसरं. मग तिसरं. प्रत्येक झाकणागणिक त्याचे खांदे खाली येत गेले. त्यानं बरणी भरून कठड्यावर ठेवली. जिवंत गाळ कसा, गोळा धरून राहतो, थोड्या वेळात खाली बसतो. हा नुसताच तरंगत होता, दुधात राख कालवल्यासारखा.

“आई,” तो हळूच म्हणाला, “कॅन कशानं धुतलेत?”

मोठ्या आईंनी आपलं बोट पदरात लपवलं.

बुधवारी सकाळी मुलानं माळ्यावरून मोठी बॅग काढली. शर्ट घडी करून तो एकावर एक रचू लागला. पँटच्या खिशातून टाकीची किल्ली पडली, ती त्यानं उचलून खुंटीला लावली आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. नोकरी गेल्याची चिठ्ठी यायची होती, पण त्याच्या पाठीवर ती आत्ताच वाचता येत होती.

मोठ्या आई ओट्यावर येऊन बसल्या. आपण एका दिवसात एवढं सगळं कसं काय धुऊन टाकलं, हे त्यांना उलगडेना. ओढा गेला, टाकी गेली, मुलगा चालला. उद्यापासून आपण “फरशीला फिनेल टाक” म्हणणार आणि ते आपल्यालाच ऐकू येणार. समोरून कुणी ‘बरं’सुद्धा म्हणणार नाही. हा विचार मनात आला आणि त्यांना पहिल्यांदाच रडू फुटलं. सून शेजारी बसून तांदूळ निवडत होती. सोमवारपासून तिनं खरंच तोंड उघडलं नव्हतं.

“अगं, काहीतरी बोल,” मोठ्या आई म्हणाल्या. “शिव्या दे, पण बोल.”

“निस्तरलंत तुम्ही?”

“कसलं निस्तरतेय! हात टेकले मी.”

“मग चला,” सून म्हणाली आणि सूप खाली ठेवून उठली.

घरामागं भोपळ्याचा वेल होता. हा वेल मोठ्या आईंच्या अभिमानाचा विषय. गावात एवढे भोपळे कुणाच्याच दारी धरत नसत, आणि घरोघर भोपळा देताना “माझ्या हाताचा गुण आहे” असं त्या न विसरता सांगायच्या. सुनेनं वेलाची पानं बाजूला केली. मागं एक निळं पिंप होतं, वर फळी. तिनं फळी सरकवली. आत काठोकाठ तपकिरी गाळ होता. त्याला वास येत होता तो पावसात भिजलेल्या जमिनीसारखा.

मुलगा हातातला शर्ट घेऊनच धावत आला. त्यानं आत हात घातला, बोटांत गाळ चोळला. “जिवंत आहे!” तो ओरडला. “आपल्याच टाकीतला! हा इथं कसा?”

“तुमचा डबा घेऊन येत होते ना रोज,” सून म्हणाली. “येताना रिकाम्या डब्यातून थोडा थोडा आणायचे. वेलाला. तुम्हीच म्हणाला होतात, उत्तम खत आहे.”

“त्या डब्यातून?” मोठ्या आईंनी विचारलं.

“डबा वेगळा ठेवलाय.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

मोठ्या आईंना दोन वर्षांतले सगळे भोपळे डोळ्यांपुढून सरकताना दिसले. त्यातले निम्मे त्यांनी हाताचा गुण म्हणून वाटले होते.

“पण हा मेला कसा नाही?” मुलगा विचारत होता. “ढवळलं नाही, खायला घातलं नाही तर दोन दिवसांत सडतो.”

“सडला की वास सुटायचा. वास सुटला असता तर आईंना कळलं असतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ ढवळायचे, तांदूळ धुतलेलं पाणी घालायचे. वास आला नाही तो आला नाही.”

“म्हणजे हे तुझ्या धाकानं जगलेत, आई,” मुलगा म्हणाला.

मोठ्या आई एवढंच म्हणाल्या, “सोमवारी का नाही बोललीस?”

“सोमवारीच बोलणार होते. तुम्ही म्हणालात, तोंड उघडायचं नाही.”

मोठ्या आई वळल्या आणि घरात गेल्या. त्यानंतर त्या सुनेशी बोलल्याच नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. गावाला हे फिनेलपेक्षाही भयंकर वाटलं. इकडे टाकी उपसली गेली, धुतली गेली, पिंप तिच्यात रिकामं झालं. तीन दिवस मोठ्या आई घरोघर फिरल्या आणि उरलंसुरलं फिनेल, अ‍ॅसिड, सगळं गोळा करून स्वतःच्या माळ्यावर कुलपात ठेवलं. ज्या घरात लपवलेली बाटली सापडली, त्या घराला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी साहेब आले. त्यांनी नाक घेऊन आल्यासारखंच वागून दाखवलं. टाकीभोवती दोनदा फिरले, मग मुलाची बरणी मागून घेतली, दुसऱ्या टाकीतलं पाणी तिच्यात भरलं आणि कठड्यावर ठेवून घड्याळ काढलं. अर्धा तास. अख्खं गाव बरणीकडे बघत उभं राहिलं. गाळ आधी हललाच नाही. मग त्यात बारीक गोळे दिसू लागले, आणि हळूहळू, रुसलेलं माणूस खाली बसावं तसा तो खाली बसू लागला. वर पाणी दिसू लागलं. नितळ म्हणता येणार नाही. पण पलीकडे उभ्या असलेल्या शिंपीणबाई त्यातून ओळखू येत होत्या.

“पास नाही म्हणता येत,” साहेब म्हणाले. मुलानं मान खाली घातली. “पण कुलूप लावावं असंही नाही. तीन महिने चालवा. मी पुन्हा येईन.”

एवढंच. ना शाबासकी, ना ओरडा. तीन महिने. घरी येऊन मुलानं बॅग रिकामी केली नाही; तशीच उचलून पलंगाखाली सरकवली. मोठ्या आईंनी ते बघितलं. ती बॅग तीन महिने पायाला लागत राहणार, हे त्यांना कळलं.

मग त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा सुनेला हाक मारली. सून हात पुसत बाहेर आली. मागोमाग मुलगा आला. कुंपणापलीकडे शिंपीणबाई वाळलेलं लुगडं पुन्हा वाळत घालू लागल्या.

“इकडे बघ,” मोठ्या आई म्हणाल्या. “सहा वर्षं मी घसा फोडून सांगतेय. फिनेल टाक म्हटलं, टाकलं नाहीस. अ‍ॅसिड ओत म्हटलं, ओतलं नाहीस. टाकीतलं काही घरात आणायचं नाही म्हटलं, तर पिंप भरून आणलंस. त्या न ऐकण्यावर आज हे घर उभंय, ते मी सगळ्या गावासमोर कबूल करते. पण सहा वर्षांत माझं ऐकलंस ते एकदाच, आणि ते नेमकं सोमवारी! पुन्हा कधी माझं ऐकलंस ना, तर याद राख!”